व्हिसाच्या रांगेसमोर

काबूलच्या भारतीय दूतावासाच्या फाटकावर ड्युटी करणाऱ्या जवानाची नजर दिवसभर सगळ्यात जास्त कुठे जात असेल, तर व्हिसाच्या रांगेवर. उजाडायच्या आधीच माणसं येऊन थांबलेली असायची. कुणाच्या हातात दिल्लीच्या हॉस्पिटलचं पत्र, कुणाच्या काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, तर कुणी पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला तरणा पोरगा, सारखी फाईल उघडून कागद तपासणारा. निळ्या बुरख्यातल्या बायका भिंतीच्या कडेला पोरं घेऊन बसायच्या. आम्हाला नेमून दिलेलं काम होतं दूतावासाची इमारत आणि आतले अधिकारी राखायचं. पण हल्लेखोर आला तर तो याच रांगेच्या आडून येणार आणि स्फोट झाला तर आधी ही रांगच मरणार, हे तिथं उभं राहिलं की लवकरच कळतं. ते कळलं त्या दिवसापासून ही रांगही माझ्याच राखणीतली आहे, असं मी धरून चाललो. आजही माझं तेच मत आहे.

आमच्या निपाणी भागात फौज म्हटली की मराठा लाइट इन्फंट्री. बेळगावात रेजिमेंटचं केंद्र आहे. पलीकडे शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत तर पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणूस लष्करात जातो. त्यामुळे मी आयटीबीपीत आहे म्हटलं की लोक विचारायचे, "मंजी तिबेटात का?" आयटीबीपी म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दल. ते २४ ऑक्टोबर १९६२ ला, चीनशी युद्ध चालू असतानाच उभं राहिलं. ३,४८८ किलोमीटरची हिमालयातली सीमा हे त्याचं मूळ काम. बेळगावजवळ हालभावीला या दलाचा तळ आहे, हे आता भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना ठाऊक असतं. माझ्या वेळी आमच्या गावात या दलाबद्दल कुणालाच फारसं माहीत नव्हतं. आणि या दलाचे जवान परदेशात दूतावासाच्या दारात उभे राहतात, हे तर सांगूनही खरं वाटायचं नाही. १९९६ मध्ये तालिबान काबूलात शिरल्यावर आपला दूतावास बंद झाला होता. २००१ च्या अखेरीस तो पुन्हा उघडला आणि २००२ पासून त्याची राखण आयटीबीपीकडे आली. पुढे जलालाबाद, हेरात, कंदहार आणि मझार-ए-शरीफ इथल्या वाणिज्य दूतावासांवरही आमची माणसं गेली.

मी भरती झालो तेव्हा वडिलांना आनंद झाला नव्हता. ते तंबाखूवाले. १९८१ च्या निपाणीच्या आंदोलनात ते रस्त्यावर बसलेले होते. शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर हजारो शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हमरस्ता अडवून धरला होता, बायकापोरांसकट, तिथंच चुली पेटवून. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मेले. वडील त्यातून वाचले. पण खाकी कपडा बघितला की त्यांचं बोलणं थांबायचं. माझं नेमणुकीचं पत्र हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "बंदूक घिऊन कुणाच्या म्होरं हुबा ऱ्हानार तू?" मी म्हटलं, चीनच्या. त्यावर ते काही बोलले नाहीत. लडाखात आणि अरुणाचलात असताना मला तो प्रश्न कधी आठवला नाही. काबूलच्या फाटकावर, समोर शेदीडशे निःशस्त्र माणसांची रांग आणि माझ्या हातात एके रायफल, अशा वेळी मात्र तो रोज आठवायचा.

काबूलला जाणाऱ्यांची निवड वेगळी होते. अंगानं धडधाकट आणि नेमबाजीत चांगला असणं ही झाली पहिली पायरी. पुढं स्फोटकांची ओळख, इमारतीच्या आत लढायचं कसं, ताफ्यातली गाडी अडकली तर साहेबांना बाहेर कसं काढायचं, रक्त थांबवायला पट्टा कुठं आणि किती आवळायचा, हे पुन्हा पुन्हा घटवून घेतात. गोळी केव्हा झाडायची यापेक्षा केव्हा झाडायची नाही, यावर जास्त वेळ जातो. आणि ते योग्यच आहे. परक्या देशाच्या राजधानीत भारताच्या जवानानं झाडलेली एक चुकीची गोळी दूतावासाचं वर्षानुवर्षांचं काम मातीत घालू शकते.

कायदा काय सांगतो, तेही तिथं गेल्यावर नीट समजलं. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाच्या आवारात त्या देशाच्या पोलिसांनाही परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. पण ते आवार सुरक्षित ठेवण्याची खास जबाबदारी मात्र त्याच देशाची असते. म्हणजे भिंतीच्या आत आम्ही आणि भिंतीबाहेरचा रस्ता अफगाण पोलिसांचा. कागदावर हे फार नीटस दिसतं. ज्या देशात युद्ध चालू आहे आणि पोलिसाचाच पगार वेळेवर होत नाही, तिथं या वाटणीचा अर्थ असा, की पहिला घाव झेलायला तो बाहेरचा पोलीस उभा असतो.

रस्त्याच्या तोंडाशी अडसर, तिथं अफगाण पोलीस. मग काँक्रीटचे ठोकळे नागमोडी मांडलेले, म्हणजे गाडीला वेग घेता येऊ नये. मग उंच काँक्रीटच्या भिंती आणि जाळीचे पिंजरे माती भरून उभे केलेले. त्यानंतर आमचं फाटक, तेही दुहेरी: बाहेरचं दार पुरतं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. छपरावर वाळूच्या पोत्यांचे मोर्चे. ही सगळी मांडणी एकाच गोष्टीसाठी, अंतरासाठी. स्फोटाचा जोर अंतराबरोबर झपाट्यानं उतरतो. गाडी भिंतीला टेकून फुटली तर इमारत जाते. तीच थोड्या अंतरावर अडली तर काचा जातात, माणसं वाचतात. आतली माणसं वाचतात, असं म्हणायला पाहिजे. अडसरापाशी जे असतात त्यांचं काय, हा प्रश्न त्या आराखड्यात बसत नाही.

गाडी तपासण्याचं काम मला मनापासून आवडायचं. ड्रायव्हरला उतरवून बाजूला उभं करायचं, चावी टपावर ठेवायला लावायची. बॉनेट, डिकी, स्टेपनी, सीटच्या खाली हात. दांड्याला लावलेला आरसा गाडीच्या पोटाखाली फिरवताना घाई केली तर आरशात नुसता चिखल दिसतो. हळू फिरवला तर चिखलात कुठं हात फिरल्यासारखी पुसट जागा आहे, कुठली तार नवीन आहे, हे दिसायला लागतं. त्याच्या मागून कुत्रं. पण गाडी अडसराशी येण्याआधीच तिच्याबद्दल बरंच कळतं. मी निपाणीच्या बाजारात तंबाखूच्या बोदांनी भरलेले टेंपो आणि ट्रक बघत वाढलो. भरलेली गाडी मागच्या पाट्यांवर कशी बसते, खड्ड्यातून उठताना कशी जड उठते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मागं नुसत्या चादरी दिसताहेत आणि गाडी तर दहा क्विंटल भरल्यासारखी चालली आहे, असं असेल तर ती लांबच थांबवायची. बहुतेक वेळा सिमेंट निघायचं किंवा बटाटे. तपासणी झाली की ड्रायव्हर हसायचा, आम्ही हसायचो, गाडी पुढं जायची.

आम्ही इतके काटेकोर का होतो, त्याचं कारण ७ जुलै २००८. मी काबूलला गेलो तो त्यानंतर काही वर्षांनी; पण त्या दिवसाचा धडा प्रत्येक नव्या तुकडीला फाटकापाशी उभं करून दिला जायचा. सकाळी साडेआठच्या सुमारास स्फोटकांनी भरलेली गाडी दूतावासाच्या फाटकावर येऊन आदळली. त्याच वेळी आपल्या अधिकाऱ्यांची गाडी आत शिरत होती. संरक्षण विभागाचे ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि परराष्ट्र सेवेतले व्ही. व्यंकटेश्वर राव त्यात गेले. फाटकावरचे आमचे दोन जवान, अजय पठानिया आणि रूप सिंग, गेले. अधिकाऱ्यांची गाडी चालवणारे नियामतुल्ला हे दूतावासाचे अफगाण कर्मचारी गेले. आपल्याकडे ही बातमी चार भारतीयांच्या मृत्यूची म्हणून लक्षात राहिली. त्या दिवशी एकूण मेले ५८. बाकीचे जवळजवळ सगळे अफगाण: व्हिसाच्या रांगेत थांबलेले, समोरच्या दुकानांतले, रस्त्यानं चाललेले, आणि बाहेरच्या सुरक्षाकड्यावरचे पोलीस.

त्यानंतर भिंती वाढल्या, ठोकळे आले. ८ ऑक्टोबर २००९ ला पुन्हा गाडी आली, ती बाहेरच्या भिंतीपाशी फुटली. आमचे काही जवान जखमी झाले, पण आतलं कुणी दगावलं नाही. संरक्षणाच्या हिशोबात ते यशच होतं, आणि त्या भिंती बांधणाऱ्यांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. तरीही त्या दिवशी १७ माणसं मेली, बाहेरच्या रस्त्यावर. जलालाबादला ३ ऑगस्ट २०१३ ला हल्लेखोर वाणिज्य दूतावासापर्यंत पोचू शकले नाहीत, अडसरावरच अडवले गेले. आपले सगळे अधिकारी सुखरूप. शेजारच्या मशिदीपाशी नऊ नागरिक मेले, त्यात बरीचशी मुलं. या प्रत्येक घटनेनंतर दलात शाबासकी झाली, आणि ती मिळायलाच हवी होती. ज्यांनी गोळीला गोळीनं उत्तर दिलं ते माझे भाऊबंद आहेत. पण "हल्ला उधळला" एवढं लिहून अहवाल संपतो, तेव्हा त्यातली ती नऊ माणसं कुठं जातात, हे मला तेव्हाही विचारावंसं वाटायचं.

हेरातची रात्र मी काबूलच्या कंट्रोल रूमच्या बाहेर काढली. २३ मे २०१४, पहाटेचे सव्वातीन. भारतात नवं सरकार शपथ घ्यायला तीन दिवस उरलेले, शेजारी देशांच्या नेत्यांना दिल्लीचं आमंत्रण गेलेलं. चार हल्लेखोर मशीनगन आणि रॉकेट लाँचर घेऊन वाणिज्य दूतावासाशेजारच्या घरात शिरले होते. एक जण भिंतीवर चढायला लागला, त्याला आमच्या जवानानं तिथंच पाडलं. नंतर कित्येक तास गोळीबार चालला. अफगाण सैन्य आणि पोलीस आले, उरलेले मारले गेले. वायरलेसवर आवाज यायचे, तुटायचे, पुन्हा यायचे. ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो होतो त्यांचे आवाज ओळखू येत होते, आणि आम्हाला आमच्या मोर्च्यावर नुसतं थांबायचं होतं, कारण दुसरा हल्ला काबूलवर येऊ शकत होता. संरक्षणाच्या नोकरीत हे थांबणं सगळ्यात अवघड. जानेवारी २०१६ मध्ये मझारच्या वाणिज्य दूतावासावर हल्ला झाला, तेव्हा तर असं थांबणं दिवसाहून जास्त चाललं. तोवर मी परत आलो होतो.

लोकांना वाटतं की धोका फक्त अशा देशांत असतो. पुण्याचे वाचक म्हात्रे पुलावरून रोज जातात. तो पूल रवींद्र म्हात्रे यांच्या नावाचा. बर्मिंगहॅमच्या आपल्या कार्यालयातले हे मराठी अधिकारी. फेब्रुवारी १९८४ मध्ये बसमधून उतरून घरी चालले असताना काश्मिरी अतिरेक्यांनी त्यांना पळवलं, तुरुंगातल्या आपल्या नेत्याच्या, मकबूल भटच्या सुटकेची मागणी केली आणि दोन-तीन दिवसांत त्यांना मारून टाकलं. इंग्लंडसारखा शांत देश, ना अडसर ना चौकी. एक माणूस रोजच्या वेळेला रोजच्या रस्त्यानं घरी जातो, तेवढं पुरलं. आमच्या शिकवणीत वेळ आणि रस्ता बदलत राहण्यावर जो भर असतो, त्याची कारणं अशा जुन्या प्रकरणांत आहेत.

आणि इथंच जवानाची आणि राजनैतिक अधिकाऱ्याची ओढाताण सुरू होते. माझ्या हातात असतं तर मी कुणालाच बाहेर सोडलं नसतं. पण परराष्ट्र खात्याचा माणूस जर भिंतीच्या आतच बसून राहिला, तर त्याला तिथं पाठवायचं कशाला? काबूलचं इंदिरा गांधी बालरुग्णालय असो, आपण बांधून दिलेली संसद असो, कुणा मंत्र्याच्या घरचा दुखवटा असो, त्यांना जावंच लागायचं. एक तरुण अधिकारी होते. ताफ्याची वेळ आम्ही शेवटच्या क्षणी बदलली की ते चिडायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "उशीर चालेल, पण जायचं नक्की." मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटायचा. बुलेटप्रूफ गाडीतून उतरताना ते जॅकेट आतच काढून ठेवायचे, कारण समोरचा यजमान साध्या कपड्यांत उभा असायचा. आम्ही तोंडावर काही बोलायचो नाही, पण दोन जवान त्यांच्या आणखी जवळ सरकायचे. दार बंद ठेवून कुणीही राखण करील. ते रोज उघडायचं, माणसं आत घ्यायची, माणसं बाहेर पाठवायची आणि तरी राखायचं, ही खरी नोकरी.

बाहेरच्या कड्यावरच्या एका अफगाण पोलिसाशी माझी चांगली गट्टी जमली होती. त्याचं नाव लिहीत नाही. माझं हिंदी त्याला सिनेमांमुळे कळायचं, आणि दरी भाषा मी त्याच्याकडूनच थोडी शिकलो. सीमाभागातल्या माणसाला घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दख्खनी अशी सवय असते. आणखी एका भाषेचं ओझं वाटत नाही. तो झडती घ्यायचा. त्याची पद्धत मी बघत राहायचो. आधी उजवा हात छातीवर ठेवून सलाम, माणसाची ख्यालीखुशाली, मग हात. खांद्यापासून काखेत, पाठीचा कणा, कंबरपट्टा, मांडीची आतली बाजू, घोटा. म्हाताऱ्याची पगडी तो स्वतः काढायचा नाही. काढायला सांगायचा, दोन्ही हातांनी घ्यायचा, दाबून बघायचा आणि दोन्ही हातांनी परत द्यायचा. हे सगळं करताना त्याचा चेहरा समोरच्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. अंगावर बाँब बांधलेला माणूस त्या रांगेत असेल, तर तो सापडायचा क्षण आणि या पोलिसाच्या मरणाचा क्षण एकच. त्याला ते माहीत होतं. त्याच्या अंगावर जॅकेट होतं, पण ते माझ्याइतकं चांगलं नव्हतं. हिवाळ्यात बर्फ पडायचं तेव्हा आमच्या चौकीत बुखारीची शेगडी पेटलेली असायची. आम्ही त्याला बोलवायचो, तो चहापुरता यायचा आणि परत जायचा, कारण रांग उभी असायची.

काबूलचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागं. तिथं रात्रीची ड्युटी लागायच्या वेळी गावाकडं जेवणं उरकलेली असायची. आई फोनवर विचारायची, "तिथं बी दारातच हुबं ऱ्हायाचं न्हवं? मग हितल्या ब्यांकंच्या दारात काय वंगाळ हाय?" मी म्हणायचो, पगार जास्त आहे. ते खरंही होतं. परदेशी भत्त्यावर घराचा स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं. आमच्या भागातली बहुतेक पोरं वर्दीत जातात ती आधी यासाठीच जातात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बायकोला मात्र मी रांगेतल्या माणसांबद्दल सांगायचो. हृदयाला भोक असलेलं एक पोर बापाच्या खांद्यावर बसून आत गेलं होतं. काही महिन्यांनी तो बाप पुन्हा आला, काम काहीच नव्हतं. पोरगं बरं झालं एवढं सांगायला अडसरापर्यंत आला आणि पोलिसाकडं सुक्या जर्दाळूंची पिशवी देऊन गेला. ती पिशवीसुद्धा आम्ही तपासली, मग खाल्ली.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. मी निवृत्त झालेलो, गावच्या घरात टीव्हीसमोर. १७ तारखेला हवाई दलाच्या सी-१७ विमानातून राजदूत रुद्रेंद्र टंडन, दूतावासाचे कर्मचारी आणि आयटीबीपीचे जवान परत आले. विमान जामनगरला उतरून हिंडनला गेलं. जवानांबरोबर माया, रुबी आणि बॉबी हे तीन श्वानही आले. गावात लोकांनी मला पेढे दिले, जणू मीच आलो. आनंद मलाही झाला. दूतावासातला आपला एकही माणूस मागं राहिला नाही, हे मोठं काम होतं आणि ते करणाऱ्यांना सलाम. पण बाहेरच्या कड्यावरचे पोलीस त्या विमानात नव्हते, असणारही नव्हते. आधी दिलेले व्हिसा त्याच महिन्यात रद्द ठरले. रांगेतल्या किती माणसांच्या खिशात ते असतील, हा विचार कित्येक रात्री सुटला नाही. जून २०२२ मध्ये आपलं तांत्रिक पथक काबूलला परत गेलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथं पुन्हा दूतावासाचा दर्जा देत असल्याचं भारतानं जाहीर केलं. दूतावास म्हटला की रांग आली. म्हणून मला आता जे वाटतं ते स्पष्ट लिहितो: परदेशातल्या आपल्या कार्यालयांवर हल्ला होतो, तेव्हा आपण काढलेल्या यादीत बाहेरच्या कड्यावर मेलेल्या त्या देशाच्या पोलिसांची आणि रांगेतल्या माणसांची नावंही असावीत, आणि त्यांच्या घरच्यांना मदत देण्याचा नियम असावा. तो त्यांच्यावर उपकार म्हणून नव्हे, हिशोब म्हणून.

तवंदी घाटाच्या चढावर पहाटे पळणारी पोरं आता माझ्याकडे येतात. छाती किती लागते, धावायला वेळ किती, हे ती आधीच पाठ करून आलेली असतात. रविवारी शाळेच्या मैदानावर मी त्यांना एक वेगळा सराव देतो. सगळ्यांना रांगेत उभं करतो, एकाच्या अंगावर कुठं तरी मोबाईल लपवायला लावतो आणि एकाला झडती घ्यायला सांगतो. रांगेत मुद्दाम गावातले दोन म्हातारे घेतो, धोतर-पटक्यातले. नवीन पोरगं सरळ पटक्याला हात घालतं. मी त्याला थांबवतो. आधी रामराम घाल म्हणतो, मग आजोबांना पटका उतरवायला सांग, दोन्ही हातांनी घे. आजोबाही जाणूनबुजून वेळ लावतात. मागं रांग चुळबुळायला लागते, कुणी ओरडतं, उन्हं चढतात, आणि तेवढ्यात मी शिट्टी वाजवून विचारतो की पाचव्या माणसानं हात खिशातून केव्हा काढला. बहुतेकांना ते सांगता येत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.